रबरासारखी चोच

शेजारच्या मालनवहिनी ब्रॉयलर कोंबड्यांची शेड सांभाळतात. काल त्यांनी पंधरा दिवसांचं एक पिल्लू उचललं आणि त्याची चोच बोटानं हलकेच दाबली. चोच रबरासारखी वाकली.

"चोच मऊ म्हणजे हाडंही मऊ. खाद्यात कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बिघडलाय," त्या म्हणाल्या. "मांस भराभर चढतं, हाडं मागं पडतात. मग पिल्लू बसतं ते उठतच नाही."

"पण चाळिसाव्या दिवशी तर विकायला न्यायची गाडी येणार ना?" मी विचारलं.

"येऊ दे की. तोवर त्यानं आपल्या पायांवर उभं राहायला नको?"

आज जेवणात कोंबडी होती, तेव्हा ते आठवलं. मांस मी चवीनं संपवलं. ताटाच्या कडेला उरलं, ते कुणीतरी चोच दाबून दाबून जपलेलं एक सरळ, टणक हाड.