आप्पांच्या वाढदिवसाचा रॉक शो

कंपनीच्या बसमध्ये रोज पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना. एवढा वेळ गप्प बसेल असा माणूस आमच्या शिफ्टला अजून भरती व्हायचाय. त्यामुळं एखाद्याची फजिती झाली की आठवड्याभरात ती सगळ्यांची होते. शिरूरच्या रॉक शोचं तर असं झालंय की जे आलेच नव्हते तेसुद्धा "मी पुढंच उभा होतो" म्हणून सांगतात. मी खरंच होतो. संत्याच्या शेजारी.

संत्या म्हणजे आमच्या क्वालिटीतला संतोष, नदीपलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या खुटबावचा. पुण्याच्या एका बँडचा बारा वर्षांपासूनचा भक्त. वडील गेले त्या साली हा डिप्लोमा सोडून घरी निघाला होता. त्या बँडचं एक गाणं रोज ऐकत हॉस्टेलवर टिकला. "ते गाणं नसतं तर मी आज म्हशी वळत असतो," म्हणतो, आणि हे तो गमतीनं म्हणत नाही. आयुष्यात एकदा ते समोर उभं राहून ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा. दरवेळी सेकंड शिफ्ट आडवी यायची. आता बँड मोडत होता, गिटारवाला कॅनडाला चालला होता, आणि त्यांचा शेवटचा कार्यक्रम लागला कुठं, तर शिरूरला. आमच्या भागाचे पुढारी आप्पा, त्यांचा वाढदिवस. पुण्यात शिकणारं त्यांचं पोरगं म्हणालं, "यंदा ऑर्केस्ट्रा नको, रॉक आणा."

फ्लेक्स वीस फुटी. त्यात आप्पाच पंधरा फूट. बँडची चार पोरं खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, पतसंस्थेचे चेअरमन आणि वीटभट्टीवाले शेठ यांच्या मधोमध!

संत्या घरून निघाला काळा टीशर्ट घालून, छातीवर कवटी. आई दारातच म्हणाली, "वाढदिवसाला चाललास का कुनाच्या दहाव्याला?"

*

आमचा बाळू सेफ्टी कमिटीवर आहे. आग विझवायच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालंय, स्टीलचा डबा. बँड स्टेजवर येताना मशीननं धूर सोडला. बाळूनं खांबाला टांगलेला सिलिंडर काढला, पिन ओढली आणि ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसं बुडाला नेम धरून ते मशीन पांढरंफटक करून टाकलं.

पब्लिकला वाटलं, शोच तसा आहे. शिट्ट्यांवर शिट्ट्या. त्या आपल्यालाच होत्या असं बाळूचं आजही मत आहे.

*

आमच्या मागं एक आबा बसले होते. दोन गाणी झाल्यावर त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरं लई वेळ वाद्यं लावत्यात. सुरू कवा करनार?"

"आबा, दोन झाली की."

"व्हय? मग बरं झालं. मला वाटलं समदंच बाकी हाय."

*

निवेदनाला शाळेतले गुरुजी. गायक मागं सरकून गिटारवाला एकटा वाजवायला लागला की गुरुजींना वाटायचं, गाणं थांबलंय, वेळ कशाला वाया घालवा. "याप्रसंगी उपस्थित, सोसायटीचे माजी व्हाइस चेअरमन..." गिटारवाला जोर लावायचा, गुरुजी त्याच्यावर जोर लावायचे. जिंकायचे गुरुजीच, कारण साउंडवाला त्यांचा विद्यार्थी.

*

प्रत्येक गाण्यानंतर सत्कार. शाल, नारळ, फेटा. ड्रमवाल्याचा फेटा पहिल्याच ठोक्याला डोळ्यांवर आला. काढायला गेला तर गुरुजी माइकवरून म्हणाले, "मानाचा आहे, असू द्या." गड्यानं पुढची दोन गाणी न बघता वाजवली.

परवानगी दहापर्यंत. फौजदारसाहेब स्टेजच्या पायरीशीच उभे. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, सत्कार काही संपेनात. संत्याचं गाणं आठ मिनिटांचं. तो सारखा घड्याळ बघायचा आणि मला विचारायचा, "वाजवत्यात का न्हाई रं?" एरवी मी त्याला चिडवलं असतं. त्या दिवशी मीही त्याच्याबरोबर घड्याळ बघत होतो.

*

दहाला दहा मिनिटं कमी असताना गायक म्हणाला, "हे आमचं शेवटचं." आणि तेच सुरू झालं.

संत्या रडायलाच लागला. रडत रडत गळा काढून गात होता, एक शब्द चुकत नव्हता. आसपासची माणसं गाणं सोडून त्याच्याकडं बघायला लागली. आप्पांच्या पोरानंही बघितलं, हा कुठला म्हणून मला विचारलं आणि आप्पांच्या कानाला लागलं. आप्पा उठले. गुरुजींनी हात वर केला आणि पहिलं कडवं संपतंय तोच गाणं बंद पाडलं.

"दौंड तालुक्यातून आलेला हा निष्ठावंत चाहता! त्याचा यथोचित सत्कार माननीय आप्पांच्या शुभहस्ते!"

संत्या "नको, नको, गाणं होऊ द्या" म्हणत होता. चार पोरांनी त्याला उचलून वर नेला. शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. फोटोत आप्पांचे डोळे मिटले म्हणून शाल काढून पुन्हा घातली, पुन्हा फोटो. दहाला दोन कमी. बँडवाले वायरी काढायला वाकले. संत्याचं तोंड बघवत नव्हतं.

गुरुजींनी त्याच्या हातात माइक दिला. "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

आता आमच्याकडं एक रीत आहे. सत्कारमूर्ती तासभर बोलला तरी त्याच्या हातातला माइक कोणी काढून घेत नाही. आमदार असो नाहीतर मंत्री, खाली मान घालून ऐकतो.

संत्यानं नारळ काखेत धरला. आभार नाहीत, नमस्कार नाही. डोळे मिटले आणि दुसरं कडवं सुरू केलं.

गिटारवाल्यानं त्याच्याकडं बघितलं, काढलेली वायर परत खुपसली आणि वाजवायला लागला. मग ड्रम आला. गायकाला काही कामच उरलं नाही, तो मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दहा वाजले. फौजदारसाहेब पायऱ्या चढून गुरुजींपाशी आले. "गुरुजी, वेळ संपली. गाणं बंद करा."

गुरुजींनी हात जोडले. "साहेब, मनोगत चालू आहे."