मालूताईसाठी मंडई, अर्धा मिनिट उशिरा

मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, मालूताईने, खुब्याचं हाड मोडून घेतलं आणि डॉक्टरांनी तिचा यंदाचा प्रवास रद्द केला. दरवर्षी दिवाळीनंतर ती येते आणि आम्ही दोघी चिचगडच्या पुढे आमच्या आजोळी मंडईला, म्हणजे तिकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला, जातो. ‘मी व्हिडिओ करून पाठवते,’ मी म्हणाले.

‘घडून गेलेलं मला नको पाठवूस,’ ती कडाडली. ‘माझ्या वयात सगळं घडूनच गेलेलं असतं. चालू असताना दाखव.’

म्हणून मी, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडलेली बाई, मोबाईलचा स्टँड आणि दोन पॉवर बँका घेऊन नागपूरहून निघाले.

देवरीपर्यंत एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, ते हक्काने मागा. साकोलीला चहा प्या, कारण पुढे मिळेल तो नुसता साखरेचा पाक. देवरीहून चिचगडकडे जीपने जायचं, पण मागच्या बाकावर बसू नका; गुडघे हनुवटीला लागतात. दोन्ही बाजूंना जंगल, मधेच कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. इथे मालूताई दरवर्षी खिडकीची जागा बळकावते. यंदा ती मला मिळाली आणि मुळीच आवडली नाही.

दुपारी पोचले. मामेभावाची बायको, सुलोचना वहिनी, लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होती. चार वडे खाऊन मी लगेच आखरावर गेले. आखर म्हणजे सकाळी गुरं जमतात ते मैदान. उद्या दंडार, म्हणजे इथलं नाचगाण्याचं नाटक, तिथेच होणार होतं. अपलोडचा वेग मोजला, आठ एमबीपीएस. मग काय, फुल एचडी, साडेचार हजार केबीपीएसचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, आणि चित्र पोचायला सर्वांत कमी विलंब. चाचणीचं प्रक्षेपण लावलं, तर मालूताईची कॉमेंट दोन सेकंदांत आली, ‘तुझ्या दातात डाळ अडकलीय.’ मी खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसांचा पूर लोटला. शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, पाळणे. ढोलकी कडाडली, मी प्रक्षेपण सुरू केलं आणि दोन मिनिटांत पडद्यावर लाल इशारा. मालूताईच्या कॉमेंट येऊ लागल्या. ‘थांबलं.’ ‘गोल फिरतंय.’ ‘फक्त तुझा अंगठा दिसतोय.’ तीनदा बंद करून पुन्हा लावलं. मोबाईल कंपनीचा मोठ्याने उद्धार केला.

‘काऊन वो बाई, कोणाले शिव्या देऊन राहिल्या?’ वहिनी आली.

‘नेटवर्कला! काल किती छान चाललं होतं.’

‘काल गावात होतंच कोण? सारे बाजूच्या गावच्या मंडईले गेलते. आज थे सारे इथं आले, आन् आपापला मोबाईल घेऊन आले.’

दिवाळीत लाइनी भरल्या की ट्रंककॉलवाल्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवणारी मी, आणि चाचणी घेतली ती रिकाम्या गावात!

पुन्हा मोजलं, अपलोड जेमतेम सव्वा एमबीपीएस. मिळेल त्याच्या निम्म्यावर बिटरेट ठेवावा, हा नियम माझ्यासारखा मागून आठवू नका. ४८० पी, पंचवीस फ्रेम, बिटरेट सहाशे, तोही स्थिर. आवाजाला मात्र हात लावला नाही. चेहरे पुसट चालतील, ढोलकी नाही. तरी चित्र अडखळत होतं. एकच उपाय उरला, विलंब वाढवायचा, चित्र आधी साठवून मग दाखवायचं. म्हणजे मालूताई माझ्यामागे अर्धा मिनिट राहणार. माझं बोट तिथेच अडलं. एकत्र हसायचं, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप होता.

‘अर्धा मिनिट मागं राहिली तं काय बिघडलं?’ वहिनी म्हणाली. ‘वर्षभर तुमी दोघी कुठं संगं राहता?’

मी बटण दाबलं. चित्र वाहू लागलं.

नाटकातल्या राणीला मिशी होती. पदराने ती पुसायला गेली आणि अख्खं आखर हसलं. मीही हसले आणि मोबाईलकडे बघत राहिले. राजा मेला, राणी रडू लागली, आणि तेव्हा कॉमेंट आली, ‘अगं मिशी!!’ मी पुन्हा खदखदून हसले. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘इकडे मानूस मेला ना वो!’

दंडार संपली. माणसं जिलेबीकडे वळली. ‘चाला,’ वहिनीने हात ओढला.

‘इथे संपली. तिकडे अजून चालू आहे.’

लगेच बंद केलं तर शेवट तिच्यापर्यंत पोचेल की नाही, कोण जाणे. वहिनी हात सोडून शेजारी उभी राहिली. रिकाम्या मैदानावर धूळ बसत होती. मग अक्षरं उमटली, ‘संपली का गं?’

नागपूरला परतून आठवडा झाला. शिंगाडे संपले, जीपने आखडलेले गुडघे सुटले. दंडारीचं रेकॉर्डिंग मी एकदाच पाहिलं. चेहरे म्हणजे नुसते रंगांचे ठिपके. पुढच्या वर्षी येणार, असं मालूताई म्हणते. डॉक्टर म्हणत नाहीत.

काल तिला फोन केला, तर मागे दंडारीचीच ढोलकी वाजत होती.

‘घडून गेलेलं नको होतं ना तुला?’ मी विचारलं.

पलीकडे नुसती ढोलकी वाजत राहिली. लाइन अगदी स्वच्छ होती. उशीर तिचाच होता.