पेडणेकरांचं कपाट

आमच्या फुलपाड्याच्या इमारतीत समोरच्या दारात आत्माराम पेडणेकर राहतात. सातिवलीच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, सगळं उभ्याचं काम. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "आता मी फक्त बसणार." बिचारे!

त्याच वर्षी, म्हणजे २००८ साली, त्यांचा परेश नोकरीसाठी मस्कतला गेला आणि जाताना आपला शुगर ग्लायडर बापाच्या गळ्यात मारून गेला. शुगर ग्लायडर म्हणजे खारीएवढा, मोठ्या काळ्याभोर डोळ्यांचा प्राणी. दिवसभर झोपतो आणि दिवेलागणीला उठून, पायांमधली कातडी पसरून, इकडून तिकडे झेपा घेतो. परेशने त्याचं नाव रॉकी ठेवलं होतं. आत्मारामांची बायको, मीरावहिनी, त्याला नुसतं 'ते' म्हणत.

आत्मारामना माया करायची एकच रीत ठाऊक, खाऊ घालणं. त्यांनी रॉकीला साय दिली, पेढे दिले, श्रीखंड चाटवलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांत पांढरं दिसू लागलं. प्राण्यांचे डॉक्टर थॉमस यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, एवढ्याशा जिवाला एवढी साय? एक डोळा गेलाय. दुसऱ्याला सावल्या दिसतात, तेवढा सांभाळा. आता हा घर पाठ करून उड्या मारणार, तेव्हा सामान हलवायचं नाही. पाण्याची पिंपं झाकायची, पंखा बंद ठेवायचा. आणि संध्याकाळी पिंजऱ्यात कोंडू नका, जाळीवर तोंड घासून दुसराही डोळा फोडून घेईल."

तेव्हापासून त्या माणसाची संध्याकाळ म्हणजे शिक्षा झाली. टँकरचं पाणी भरून ठेवलेली पिंपं झाकायची, संडासाचं दार लावायचं, बादल्या पालथ्या घालायच्या, आणि मग विरारच्या उकाड्यात बंद पंख्याखाली घाम पुसत बसायचं. मला बघवेना. मी स्पष्टच विचारलं, "परेशला सांगून कुणाला तरी देऊन का टाकत नाही?"

"काय सांगू त्याला? तुझ्या रॉकीचे डोळे मी घालवले म्हणून?" ते म्हणाले. "दमलोय हो मी. पण उरलेला डोळा तरी जायला नको."

मग गणपती आले. पेडणेकरांचा पाच दिवसांचा. त्यांच्या वन रूम किचनमध्ये मखराला एकच भिंत, लोखंडी कपाटाची. दरवर्षी कपाट स्वयंपाकघरात जातं आणि तिथे गणपती बसतो.

"या वर्षी कपाट राहू दे ना," आत्माराम म्हणाले.

"मग बाप्पाला काय गॅलरीत बसवू?" वहिनींनी विचारलं. कपाट हललं.

पूजा झाली त्याच संध्याकाळी रॉकी पडद्याच्या दांडीवर चढला आणि रोजच्यासारखा कपाटाच्या दिशेने झेपावला. कपाट नव्हतंच. तो मखरावर आपटला आणि समईच्या शेजारी पडला. शेपटीचे केस जळल्याचा वास खोलीभर सुटला. आत्मारामनी त्याला उचलून डोळे तपासले. डोळा शाबूत होता.

प्रतिष्ठापना झालेली मूर्ती विसर्जनापर्यंत हलवायची नाही, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात तेलाची कढई चढलेली, तिथे त्याला नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला आत्माराम स्वतःच मखराच्या पुढ्यात, जरासे बाजूला, समई पाठीशी घालून उभे राहू लागले. रॉकी दांडीवरून उडी घ्यायचा आणि थेट त्यांच्या छातीवर. मग शर्ट धरून खांद्यावर चढायचा.

दर्शनाला येणारी माणसं गोंधळायची. "काका, बसा की. काही नवस आहे का?"

"नवस कसला," ते म्हणायचे, "कपाट झालोय."

लोक हसले. मीही हसलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत. आरतीच्या वेळी ताट फिरवताना त्यांनी नवऱ्याच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पायांखाली घडी करून गोधडी घातली.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. मी आणि आत्मारामनी कपाट ढकलत जागेवर आणलं. ते खुर्चीत बसले आणि असा काही सुस्कारा सोडला, की मलाच बरं वाटलं. वहिनींनी चहा आणला.

रॉकी उठला, दांडीवर चढला. समोर त्याचं कपाट होतं, इंचभरही इकडेतिकडे नाही. पण तो उडी मारेना. नाक वर करून हुंगत राहिला, पांढरट डोळे खोलीभर फिरवत राहिला. आम्ही तिघंही बघत होतो. चहावर साय धरली.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "अहो, उठा. तुमची वाट बघतोय तो."

आत्मारामनी कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकला आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले.