थांबलेला धवला

शेणवे गावची ती धवलारीण सतत पान चघळायची आणि पुढाऱ्यांनाही 'काय रे' म्हणायची. मला तिचा धाक वाटायचा. आमच्याकडे तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नगीतांशिवाय, हळद लागत नाही.

एका बड्या घरच्या हळदीत तिला थोरल्या सुनेचा सुजलेला डोळा दिसला. तिने धवला मधेच तोडला.

"कोनी मारलं हिला?"

"घरातली गोष्ट हाय, आजी. तू गा," सुनेचा नवरा म्हणाला. "नायतर दुसरी आनू."

"आन रे! बघू कोन येते."

आसपासच्या धवलारणींना निरोप गेले. कारण कळल्यावर एकही आली नाही. शेवटी त्याने आजीचे पाय धरले.

"माझे कशाला? तिला विचार, गाऊ का?"

सून म्हणाली, "आज नाय."

धवलारीण उठली. तिच्यामागे मांडवातल्या सगळ्या बाया उठल्या.