पुढे केलेला हात

दातांचे डॉक्टर आधी मुलाचं तोंड उघडतात. आमचे डॉक्टर आधी आईची पर्स उघडायला लावत. हात पुढे करून म्हणत, “बाटली काढा, अम्मा.”

बाटली निघायचीच. मंडी मोहल्ल्यातल्या त्यांच्या दवाखान्यात येणारी प्रत्येक आई अर्धी डॉक्टर असे. थोरल्याच्या घशाचं उरलेलं अँटिबायोटिक धाकट्याच्या दाढेला! मी तर सव्वा डॉक्टर. अख्ख्या गल्लीला चमचा-चमचा वाटायची. हसू नका, तेव्हा मोठा मान होता मला.

माझ्या सहा वर्षांच्या लेकीची दुधाची दाढ किडली, गाल सुजला. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. “पाच दिवस द्या, मग दाढ दाखवायला या.” दुसऱ्याच दिवशी सूज उतरली. मी खूश. दुधाची दाढ, पडणारच की! उरलेलं औषध पुढच्या वेळेला म्हणून कपाटात.

पुढची वेळ पंधरवड्यातच आली. सकाळी लेकीचा डोळा उघडेना, गाल भाजत होता. मी काय केलं? त्याच बाटलीतले दोन चमचे पाजले. अक्कल पाहा! मग आमच्या हिनकल गावाहून बसने दवाखान्याकडे निघाले, तिचं डोकं मांडीवर घेऊन, दिसेल त्या देवळाला नवस बोलत.

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी बाटली दिली. ती उजेडात धरून त्यांनी किती औषध उरलंय ते पाहिलं. मी बोलणी खायला तयार. ते मुलांच्या बुटक्या स्टुलावर माझ्यासमोर बसले.

“अय्यो, घाबरलात ना अम्मा? औषधाने सूज उतरते, किडकी दाढ तिथेच राहते. चूक तुमची नाही. मीच नीट सांगितलं नाही.”

तेव्हा मी रडले. चार दिवस इंजेक्शनं झाली, दाढ निघाली, लेक वाचली.

पुढे ते प्रत्येक आईची परीक्षा घेत. “आता तुम्ही डॉक्टर, मी अम्मा. किती दिवस द्यायचं?”

“पाच.”

“सूज उतरली तर?”

“तरी पाच.”

“मग?” इथे आई नुसती मान डोलवी. “सुम्ने मान हलवू नका! मग दाढ दाखवायची.”

डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली. दवाखान्याच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे.

परवा तीच माझी लेक आपल्या मुलाच्या दाढेच्या औषधाची अर्धी बाटली फ्रिजमध्ये ठेवत होती. “सूज उतरली गं आई.”

माझा हात आपोआप पुढे झाला. तिने तोंड पाडून बाटली दिली. मी नातवाचं स्टूल ओढलं, कुरकुरत्या गुडघ्यांनी तिच्यासमोर बसले.

“चूक तुझी नाही,” म्हटलं, “मीच नीट सांगितलं नाही.”