जामिनाला ठेवलेला पासपोर्ट

एसटीत जागा धरतात तसा चाचा बाकावर शेजारी रुमाल पसरून ठेवायचे. शारजाच्या कोर्टात कुणी नवीन माणूस भेदरलेल्या चेहऱ्यानं आला, की रुमाल उचलून म्हणायचे, "बस. हितं सगळी आपलीच माणसं."

पहिल्या दिवशी मला या वाक्याचा असा राग आला म्हणून सांगू! कसली आपली माणसं? बाकावर जपमाळ ओढणारा एक पठाण टॅक्सीवाला, दोनचार केरळी, आणि हे खेडचे म्हातारे चाचा. माझी आपली माणसं तर गणपतीच्या आरतीला माझ्याच घरी मोदक खाऊन गेलेली होती. नवऱ्याला पोलिसांनी नेल्यापासून त्यांतल्या एकाचाही फोन नव्हता.

नवरा साइट इंजिनिअर. परांची कोसळून एक मजूर गेला आणि जबाबदार म्हणून याला आत टाकलं. कंपनीनं हात वर केले. मुलगी रोज विचारायची, "आई, इज बाबा इन जेल?" मी तिच्यावर खेकसायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायचे.

तुम्ही आखातात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे जामिनासाठी दुसऱ्या कुणाचा तरी पासपोर्ट लागायचा. केस संपेपर्यंत तो कोर्टाच्या कपाटात राहणार आणि तोवर जामीनदार देशाबाहेर पाऊल टाकू शकत नाही. मी दारोदार फिरले. सगळ्यांचं उत्तर एकच, "पासपोर्ट कंपनीकडे असतो हो वहिनी." बहुतेकांचा खरंच असायचा. पण तेवढं म्हणताना दार अर्धंच उघडं ठेवायची काय गरज होती?

चाचांची कोर्टामागं छोटी कॅफेटेरिया होती. त्यांच्या भटारखान्यातल्या माणसाची केस वर्षभर चालली, म्हणून ते इथे यायला लागले. "त्याची केस खलास झाली, तो गावाला गेला," ते सांगायचे, "माझी सवय काय खलास होईना." मग ते रोज थर्मासभर चहा घेऊन यायचे आणि कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते लोकांना सांगायचे. मला त्यांनी पहिली सूचना दिली ती अशी: "रडू नको गो बाय. रडणारी बाई दिसली की हा बाबू खिडकी लावून घेतो." आणि खरंच घ्यायचा मेला!

मी पुटपुटत जप करायचे. एकदा ते म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हण की. आम्हालापण लागू पडंल." मी मोठ्यानं म्हणायला लागले. पलीकडे पठाणाची माळ चालू, इकडे माझा जप. घरातल्या देव्हाऱ्यापुढे कधी लागलं नव्हतं इतकं मन त्या कॉरिडॉरमध्ये लागलं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आठवड्याभरानं चाचांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून आपला पासपोर्ट काढला आणि खिडकीत सरकवला. मला विचारलंसुद्धा नाही.

"चाचा, तुम्ही आम्हाला ओळखत नाही."

"ओळखीचे आले का कोण?"

नवरा घरी आला. केस मात्र लांबत गेली. दर तारखेला बाबू म्हणायचा, "बुक्रा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या.

रमजान संपत आला होता. एका तारखेला पठाण मला बाजूला घेऊन म्हणाला, "बहन, चाचा का बीवी बहुत बीमार है. चार दिन से फोन आता है. पासपोर्ट तुम्हारे आदमी में फँसा है, इसलिए बोलता नहीं."

मी चाचांवर ओरडले, "सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय? तुझा माणूस परत आत जाईल. पोर लहान आहे तुझी."

नवरा म्हणाला, "मी जातो आत. आत्ता जातो." पण पठाणानं त्याला खाली बसवलं आणि स्वतःचा पासपोर्ट काढून हातात धरला. याचा ठेवून चाचांचा परत मागायचा. आम्ही तिघं धावत खिडकीशी गेलो. बाबू उठत होता. साहेब निघून गेले, सही कोण करणार? "बाद ईद." म्हणजे आता ईदनंतरच. मी हात जोडले, हिंदी, इंग्रजी, मराठी, येईल त्या भाषेत विनवण्या केल्या, आणि शेवटी रडलेच. खिडकी बंद झाली.

ईदची सुट्टी लागली. त्या सुट्टीत मी देवाला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ईदच्या दिवशी चाचांनी आमच्या घरी शीरखुर्म्याचा डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी खेडहून फोन आला. ती गेली होती. संध्याकाळी दफनही झालं. चाचा कॅफेटेरियात फोनजवळ बसून होते. मी समोर जाऊन बसले.

सुट्टी संपली तेव्हा आम्ही सगळे पुन्हा खिडकीशी उभे होतो. सही झाली. बाबूनं चाचांचा पासपोर्ट बाहेर ठेवला आणि पठाणाच्या पासपोर्टसाठी हात पुढे केला.

चाचांनी पठाणाचा हात मागे ओढला.

"ह्याची बायको आहे पेशावरला, पोरं आहेत. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही," ते मला म्हणाले, आणि स्वतःचा पासपोर्ट पुन्हा खिडकीतून आत सरकवला. "माझाच असू दे. मला आता कुठं वेळेवर पोचायचं आहे?"