माझा मान घरी राखायचा

ऑइलपेंटचा वास आला की मला शिरूरच्या शाळेतला तो नुकताच रंगवलेला बाक आठवतो. चाळिशीत दहावीला बसले होते मी, गणितात दोनदा आपटून तिसऱ्यांदा. माझे चुलत सासरे तिथं शिपाई. "या वयात दहावी? लोक हसतील," असं घरात आधी तेच म्हणाले होते. ते वर्गात पाणी घेऊन आले, की मी सवयीनं पदर सावरून उभी राहायचे. पोरी खुसखुसायच्या, पेपरचा वेळ जायचा. चौथ्यांदा उठले तेव्हा ते जवळ येऊन पुटपुटले, "सूनबाई, माझा मान घरी राखायचा. हितं खाली बस आन् गणितं सोडव." मग पाण्याची कळशी दारातच ठेवून ते बाहेर पाठ करून बसले. छत्तीस मार्क पडले. यंदा बारावीचा फॉर्म त्यांनीच आणून दिलाय. विषय मात्र मी निवडले, गणित सोडून.